मदरबोर्डवरचे पोर्ट मोजण्याआधी ते कुठून येतात ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसायची बोर्डवरची जागा) नवीन मशीन बांधायचं आहे. बी६५० चिपसेटचे (चिपसेट म्हणजे प्रोसेसरशिवायचे जास्तीचे पोर्ट आणि स्लॉट सांभाळणारी बोर्डवरची चिप) दोन बोर्ड निवडून ठेवलेत. दोन्हींवर तीन एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डवर बसवायची जागा), चार साटा (हार्ड डिस्कच्या केबलचे पोर्ट), मागे आठ यूएसबी आणि अडीच गिगाबिटचं लॅन आहे, तरी किमतीत साडेतीन हजारांचा फरक आहे. लावायचं आहे ते म्हणजे तीन एनव्हीएमई (एम.२ मध्ये बसणाऱ्या वेगवान) एसएसडी, जुन्या चार हार्ड डिस्क, एक जाडजूड ग्राफिक्स कार्ड आणि पुढेमागे १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड. महाग बोर्डात नेमकं जास्त काय मिळतं?

खोक्यावरचे आकडे सारखे असले तरी बोर्ड सारखे नसतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. तीन एम.२ लिहिलंय म्हणजे तीन एसएसडी बसतील, हे बरोबर. पण तिसरी बसवल्यावर खालचा स्लॉट चालू राहील का, चारही साटा चालतील का, तिन्ही एसएसडी पूर्ण वेगाने धावतील का, हे खोक्यावर नसतं. ते मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेक वेळा बारीक अक्षरातल्या टिपेत. त्यामुळे बोर्ड घेण्याआधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या सपोर्ट पानावरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवायची आणि दोन गोष्टी शोधायच्या. एक, ब्लॉक डायग्राम, म्हणजे कुठली तार प्रोसेसरकडून येते आणि कुठली चिपसेटकडून याचं चित्र. दुसरी, एम.२ आणि पीसीआयई (ग्राफिक्स, नेटवर्कसारखी कार्डं लावायच्या) स्लॉटच्या तक्त्याखालच्या टिपा. अमुक स्लॉट वापरल्यास तमुक बंद होईल, अशी वाक्यं तिथे सापडतात. सगळ्या कंपन्या ब्लॉक डायग्राम देत नाहीत. नसेल तर टिपांवरून हिशोब मांडावा लागतो.

तो हिशोब बी६५० साठी करून दाखवतो. एकदा समजला की दुकानदाराने पुढे ठेवलेला कुठलाही बोर्ड पाच मिनिटांत तपासता येतो.

रायझन ७००० किंवा ९००० मालिकेच्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून पीसीआयईच्या २८ लेन, म्हणजे डेटा जाण्यायेण्याच्या वाटा, निघतात. त्यातल्या ४ चिपसेटला जोडायला जातात. उरल्या २४. १६ ग्राफिक्स कार्डाला, ४ पहिल्या एम.२ ला, आणि उरलेल्या ४ बी६५० वर सहसा दुसऱ्या एम.२ ला. म्हणजे पहिले दोन एम.२ थेट प्रोसेसरवर असतील तर त्यांची काळजी नाही.

इथे एक गोष्ट तुमच्या प्रोसेसरवर अवलंबून आहे, आणि ती बरेच जण विसरतात. ८६००जी किंवा ८७००जी घेतलात तर ग्राफिक्स कार्डाला १६ ऐवजी ८ च लेन मिळतात. ८५००जी असेल तर ग्राफिक्सला ४, पहिल्या एम.२ ला ४ आणि आणखी २, बस. बोर्ड तोच, स्लॉट तेच, पण निम्मी वाट बंद. तुम्ही प्रोसेसर लिहिलेला नाही. मी पुढचं सगळं ७००० किंवा ९००० मालिका धरून लिहितोय.

आता चिपसेटची बाजू. बी६५० चिप खाली ८ लेन पीसीआयई ४.० च्या (४.० ही पिढी, ३.० पेक्षा दर लेनला दुप्पट वेगाची) देते आणि आणखी ४ अशा देते, ज्या एकतर पीसीआयई ३.० म्हणून वापरता येतात नाहीतर साटा पोर्ट म्हणून. बोर्डवर चार साटा दिले की त्या चार संपल्या. मग लॅनला एक आणि वायफायला एक अशा दोन लेन ४.० च्या आठातूनच काढाव्या लागतात. हातात उरतात सहा. तिसऱ्या एम.२ ला चार दिल्या तर खालच्या स्लॉटला दोन उरतात. स्लॉटला चार दिल्या तर एम.२ ला दोन. दोघांनाही चार-चार द्यायच्या म्हटलं तर कुणाचं तरी कापावं लागतं, आणि मग ती टीप येते: एम.२ लावल्यास स्लॉट बंद, किंवा दोन साटा बंद. साटा दोनच ठेवलेल्या बोर्डवर हा हिशोब सुटतो, म्हणून चार साटा असलेला बोर्ड दरवेळी वरचढ असतोच असं नाही. मात्र तुमच्याकडे हार्ड डिस्कच चार आहेत, तेव्हा तुम्हाला चार हव्यातच.

काही बोर्डांवर सहा साटा दिसतात. त्यातले जास्तीचे दोन बहुधा एका वेगळ्या छोट्या कंट्रोलर चिपवरून येतात. नेहमी वापरली जाणारी अशी एक चिप पीसीआयई २.० ची एकच लेन वापरते, म्हणजे दोन्ही पोर्ट मिळून सेकंदाला जास्तीत जास्त ५०० मेगाबाइट. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क २५० च्या आसपासच जाते, त्यामुळे हार्ड डिस्कसाठी हे पोर्ट उत्तम. दोन साटा एसएसडी मात्र तिथे लावू नका, एकमेकींची वाट अडवतील.

चिपसेटला जोडलेलं सगळं, म्हणजे तिसरा एम.२, साटा, लॅन, बरेचसे यूएसबी, प्रोसेसरपर्यंत पीसीआयई ४.० च्या चार लेनमधूनच जातं. सेकंदाला साधारण ८ गिगाबाइट. ऐकायला हे फार अडचणीचं वाटतं, पण पीसीआयईवर जाणं आणि येणं एकाच वेळी स्वतंत्र चालतं, त्यामुळे एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कॉपी करताना वेग निम्मा होत नाही. अडचण येते ती दोन वेगवान ड्राइव्ह एकदम वाचताना. म्हणून ज्या एसएसडीवर चालू प्रोजेक्टचं फुटेज आहे ती आणि कॅशची (एडिटिंग सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींची) एसएसडी अशा दोन्ही प्रोसेसरच्या स्लॉटवर ठेवा, आणि तिसऱ्या, चिपसेटवरच्या स्लॉटमध्ये तयार फाइल एक्सपोर्ट करा. विंडोज फुटेजच्याच एसएसडीवर असेल तरी चालतं, फक्त कॅश वेगळी हवी.

आता १० गिगाबिट कार्ड. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. १० गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५० मेगाबाइट. पीसीआयई ३.० ची एक लेन ९८५ मेगाबाइट देते, म्हणजे अपुरी. दोन लेन दिल्या की १९७०, भरपूर झालं. मग पीसीआयई ४.० ची एकच लेन असलेला स्लॉटही १९७० देईल ना? देईल, पण कार्डही ४.० चं असेल तरच. बाजारातली बरीच १० गिगाबिट कार्डं पीसीआयई ३.० ची, चार लेनची आहेत. असं कार्ड ४.० च्या एक लेनच्या स्लॉटला लावलं की ते ३.० च्या एका लेनवर उतरतं आणि ९८५ वर अडकतं. लेनची कमी पिढीने भरून निघत नाही. दोन्ही बाजूंत जे कमी असेल तेच लागू होतं. शिवाय एक लेनचा छोटा स्लॉट मागच्या टोकाला बंद असेल तर चार लेनचं कार्ड त्यात शिरतच नाही. तेव्हा तुम्हाला लांब स्लॉट हवा, आतून निदान दोन लेनचा. लांबी बघून लेन ठरवू नका. खालचा पूर्ण लांबीचा स्लॉट आतून चारचा, दोनचा, कधीकधी एकचाही असतो.

आणि तो स्लॉट रिकामा राहायला हवा. तुमचं जाडजूड कार्ड किती जाड आहे ते मोजा. बोर्डवरच्या शेजारच्या दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर असतं. तीन स्लॉट जाडीचं कार्ड जवळपास ६१ मिलिमीटर जागा खातं. पूर्ण एटीएक्स बोर्डवर सात जागा असतात, मायक्रो एटीएक्सवर चार. मायक्रो एटीएक्सवर पहिल्या जागेला ग्राफिक्स कार्ड बसलं की पहिल्या तीन झाकल्या जातात आणि अगदी खालचीच उरते, तीही स्लॉट असेल तर. तिथे नेटवर्क कार्ड बसलं की ग्राफिक्सच्या पंख्यांना हवा ओढायला जागा राहत नाही आणि लांब रेंडरमध्ये तापमान चढतं. तुमच्या कामाला पूर्ण एटीएक्स बरं. बोर्डचा वरून काढलेला फोटो मोठा करून ग्राफिक्सच्या स्लॉटपासून खालच्या लांब स्लॉटपर्यंत किती जागा आहेत ते मोजा. तीन स्लॉटच्या कार्डाला चार जागांचं अंतर असलं तर मध्ये हवेला एक जागा मोकळी सुटते.

त्याच फोटोत साटा पोर्टची तोंडं बघा. आडवी, बोर्डच्या कडेला असतील तर बरं. वर तोंड केलेली आणि ग्राफिक्स कार्डाच्या रेषेत असतील तर लांब कार्डाखाली केबल दबते. अगदी खालच्या कडेला असतील तर कॅबिनेटमधल्या एसएमपीएसच्या झाकणाला टेकतात. एम.२ स्लॉट ग्राफिक्स कार्डाखाली असेल तर एसएसडी बदलताना दरवेळी कार्ड काढावं लागतं, आणि कार्डाची गरम हवाही तिच्यावर येते. तिथे ज्या एसएसडीला हात लावायचा नाही ती बसवा, आणि हीटसिंकच्या थर्मल पॅडवरची प्लास्टिकची फिल्म आठवणीने काढा. ती राहिली तर हीटसिंक असूनही एसएसडी तापते आणि वेग पडतो.

यूएसबीवर जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचं काम कार्ड रीडर आणि पोर्टेबल ड्राइव्हवर चालतं. नावांचा गोंधळ बाजूला ठेवा. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ हे तिन्ही एकच, ५ गिगाबिट. ३.२ जेन २ म्हणजे १० गिगाबिट. ३.२ जेन २ बाय २ म्हणजे २०, आणि हा फक्त टाइप-सीवर. टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे; त्यामागे ५ गिगाबिटही असू शकतं. त्यामुळे आठ यूएसबी असं वाचून थांबू नका, प्रत्येकासमोर गिगाबिट लिहून काढा. प्रत्यक्षात ५ गिगाबिटवर सेकंदाला साडेचारशे मेगाबाइटच्या आसपास मिळतात, १० वर हजाराच्या आसपास. यूएचएस-२ एसडी कार्डाची कमाल मर्यादा ३१२ मेगाबाइट आहे, म्हणजे त्याच्या रीडरला ५ गिगाबिट पुरतं. सीएफएक्सप्रेस (कॅमेऱ्याची आणखी वेगवान मेमरी कार्डं) वापरत असाल तर रीडरला १० गिगाबिटचा पोर्ट हवाच, नाहीतर महागडं कार्ड निम्म्या वेगाने रिकामं होईल. २० गिगाबिटची पोर्टेबल एसएसडी जेन २ बाय २ पोर्टवरच २० ने चालते. यूएसबी४ पोर्टला हा प्रकार चालवणं बंधनकारक नाही, त्यामुळे ४० गिगाबिटच्या पोर्टवर ती १० वर उतरलेली दिसू शकते.

एएम५ प्रोसेसर स्वतः १० गिगाबिटचे चार पोर्ट देतो. बी६५० चिपसेट १० गिगाबिटचे सहा देतो. त्यातले दोन जोडून एक २० गिगाबिटचा करता येतो. म्हणजे यूएसबी ३ चे मूळ पोर्ट सगळे १० चे. तरी मागच्या पॅनलवर ५ गिगाबिटचे चार पोर्ट एकत्र दिसले, तर एकतर बोर्डवर हब चिप टाकून एका जोडणीचे चार केलेत, नाहीतर खर्च वाचवायला वेग मुद्दाम कमी ठेवलाय. हब असेल तर त्या चार पोर्टवर दोन रीडर एकदम रिकामे करताना वेग वाटला जातो. रात्री लग्नाहून परतल्यावर चार कार्डं एकाच वेळी उतरवायची असतात तेव्हा हे जाणवतं. ब्लॉक डायग्राममध्ये हबचा चौकोन दिसतो. तो असला म्हणून बोर्ड वाईट ठरत नाही. कीबोर्ड, माउस, प्रिंटर तिथे लावायचे आणि रीडर मूळ पोर्टवर.

वायरलेस माउस-कीबोर्डचा छोटा रिसीव्हर मात्र यूएसबी २.० च्या पोर्टला लावा. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट निघतो, आणि शेजारी हार्ड डिस्क लावली की माउस अडखळायला लागतो. लोक माउस बदलतात, दोष जागेचा असतो. म्हणून मागे यूएसबी २.० चे दोन पोर्ट असले तर त्यांना जुनाट समजू नका.

पुढच्या पॅनलचं काय? कॅबिनेटवर टाइप-सी असेल तर बोर्डवर त्यासाठी वेगळा हेडर (केबल जोडायची जागा) लागतो. तो नसेल तर कॅबिनेटचा पोर्ट शोभेपुरता राहतो. हेडरचा वेगही तपासा, ५, १० की २०. टाइप-ए साठीचा रुंद हेडर ५ गिगाबिटचा, त्यावर दोन पोर्ट निघतात. कॅबिनेटला चार टाइप-ए असतील तर असे दोन हेडर हवेत. हा जाड कनेक्टर वाकडा ओढला तर हेडरच बोर्डवरून उपटतो, त्यामुळे सरळ वर काढायचा. यूएसबी २.० चे नऊ पिनांचे हेडर दोन तरी हवेत, कारण लिक्विड कूलर आणि लाइटचे कंट्रोलर तिथेच लागतात.

लाइटवरून एक सावधगिरी. ३ पिनांचा हेडर ५ व्होल्टचा असतो, ४ पिनांचा १२ व्होल्टचा. ५ व्होल्टची पट्टी जबरदस्तीने १२ व्होल्टवर लावली की तिथल्या तिथे जळते. पंख्यांचे हेडर सहसा १ अँपिअरचे असतात. स्प्लिटर लावून एकावर चार-पाच पंखे टांगण्याआधी प्रत्येक पंख्यावर लिहिलेले अँपिअर जोडून बघा. आणि प्रोसेसरच्या ८ पिनांच्या जागी ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल जाणार नाही. जात नाही म्हणून दाबू नका, त्यांची जोडणी उलटी आहे.

मागचे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असतील तरच चालतात. रायझन ७००० मध्ये असतात, पण ७५००एफसारख्या मॉडेलमध्ये नाहीत. तुमच्याकडे वेगळं कार्ड आहे, म्हणून ही किरकोळ बाब, फक्त कार्ड बिघडलं त्या दिवशी उपयोगी. मायक्रोफोन आणि हेडफोन यूएसबी ऑडिओ इंटरफेसवर असतील तर ऑडिओच्या जॅकची संख्या सोडून द्या. रॅमचे चार स्लॉट बघूनही भुलू नका: रायझन ७००० ला दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार पट्ट्यांवर ३६००. ६४ जीबी हवी तर ३२ च्या दोनच घ्या आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटला लावा.

कुणी म्हणेल, थोडे पैसे टाकून एक्स८७० घ्या, सगळे प्रश्न सुटतील. सुटत नाहीत. एक्स८७० मध्ये चिपसेटची चिप एकच असते, बी६५० सारखीच; नावापुढे ई असलेल्या एक्स८७०ई मध्ये दोन. एक्स८७० वर यूएसबी४ द्यावंच लागतं, आणि ते बहुधा प्रोसेसरच्या त्याच चार लेनवर बसतं ज्या बी६५० वर दुसऱ्या एम.२ ला मिळतात. मग दुसरी एसएसडी लावली की यूएसबी४ चा वेग कमी होतो, किंवा एम.२ चिपसेटकडे सरकतो. तुम्हाला ४० गिगाबिटचं बाहेरचं साधन लावायचं नसेल तर ही अदलाबदल तोट्याची.

मग तुमच्या दोन बोर्डांत निवड कशी करायची? दोन्हींची मॅन्युअल शेजारी उघडा आणि एकच स्थिती डोळ्यांसमोर ठेवा: तिन्ही एम.२ भरलेत, चारही साटा भरलेत, पहिल्या स्लॉटला ग्राफिक्स आहे. आता विचारा, खालचा लांब स्लॉट चालू आहे का, किती लेनचा, आणि कार्डाखाली झाकला जातो का? मागे मूळ १० गिगाबिटचे किमान तीन पोर्ट आहेत का? कॅबिनेटच्या टाइप-सी साठी हेडर आहे का? स्वस्त बोर्ड या सगळ्या प्रश्नांत पास झाला तर पोर्टांपुरते साडेतीन हजार जास्त देण्याचं कारण उरत नाही. मग महाग बोर्डात फरक असेल तर तो वीज पुरवणाऱ्या भागात, हीटसिंकमध्ये किंवा वायफायच्या पिढीत. १६ कोरचा प्रोसेसर तासन् तास रेंडरला लावणार असाल तर पहिल्या दोन गोष्टींनाही किंमत आहे. ६ किंवा ८ कोर असतील तर तेवढी नाही. स्वस्त बोर्ड स्लॉटच्या प्रश्नावर नापास झाला तर मात्र जास्तीचे पैसे द्या, कारण बोर्डवर नसलेली लेन नंतर कुठूनही आणता येत नाही.

मॉडेलच्या नावासोबत रिव्हिजनही (त्याच मॉडेलची कितवी आवृत्ती) पडताळा. काही मॉडेलची पहिली आणि नंतरची रिव्हिजन यांत लॅनची चिप किंवा स्लॉटची वाटणी बदललेली असते, आणि मॅन्युअलही वेगळं असतं. रिव्हिजन खोक्याच्या स्टिकरवर आणि बोर्डच्या कोपऱ्यात छापलेली असते.

बोर्ड हातात आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत सगळं एकदम लावून तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफर मोडच्या ओळीत दोन आकडे दिसतात, सध्याचा आणि कमाल. दोन्ही सारखे हवेत. जीपीयू-झेड या ग्राफिक्स कार्ड तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेस बघताना शेजारच्या प्रश्नचिन्हावरची चाचणी चालवा, कारण कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला मुद्दाम पीसीआयई १.१ वर उतरतं आणि माणूस उगाच घाबरतो. मग नेहमीचा रीडर एकेका मागच्या पोर्टला लावून तीच २० जीबीची फाइल उतरवून वेळ लिहून ठेवा. ज्या पोर्टवर वेळ कमी लागला त्यावर रंगीत चिकटपट्टी लावा.

प्रोसेसरचं मॉडेल, ग्राफिक्स कार्डाची जाडी आणि दोन्ही बोर्डांची पूर्ण नावं रिव्हिजनसकट इथे लिहिलीत तर मॅन्युअलमधल्या टिपा बघून नेमकं सांगतो.